दाताला तारा लावल्या, पुढची दोन वर्षं कशी काढायची? भाकरी, ऊस, ब्रश आणि दर महिन्याच्या फेरीचं गणित

अहिल्यानगर : तारा लावून घरी आलेलं पोर पहिल्या रात्री भाकरीला हात लावत नाही. आजी म्हणते, "कशाला घातलं लेकराच्या तोंडात लोखंड, काढून टाका ते." आईला झालेला खर्च आठवतो आणि वडील डॉक्टरांना फोन लावतात. तालुक्याच्या गावात दाताचे दवाखाने वाढले तशी खेड्यातल्या घराघरात ही रात्र येऊ लागली आहे. कुणी तारा म्हणतं, कुणी क्लिपा, शाळेतली पोरं ब्रेसेस म्हणतात. वस्तू एकच.

पण तारा बसवणं हे अर्ध्या-एक तासाचं काम आहे. त्यानंतरची दीड ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, दात सरकवण्याचं काम घरात, ताटावर आणि मोरीपाशी चालतं. डॉक्टर महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं दिसतात. बाकीचे सगळे दिवस तोंड आपलं आणि जबाबदारीही आपली. पैसे भरूनही दात बिघडलेले दिसतात ते बहुतेक इथंच.

दुखतं का आणि किती दिवस?

तारा लावल्यावर चार-सहा तासांनी दुखायला सुरुवात होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग उतार पडतो. आठवड्यात बहुतेक मुलं पुन्हा नीट जेवू लागतात. दर वेळी तार बदलली किंवा आवळली की दोन-तीन दिवस पुन्हा थोडं दुखतं, पण पहिल्याइतकं नाही. दातावर दात आपटला, काही चावलं की कळ येते. हे काही बिघडल्याचं लक्षण नाही, दात हलायला लागल्याचं आहे.

दात हाडात सिमेंटमध्ये गाडल्यासारखा पक्का नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं अस्तर असतं आणि त्याबाहेर हाड. ओल्या रानातला कुंपणाचा खांब रोज थोडा थोडा एका बाजूला रेटत राहिलं तर पुढची माती दबते आणि मागं पोकळी पडते, तसं काहीसं इथं होतं. दाताला एका बाजूला हलका दाब मिळत राहिला की त्या बाजूचं हाड शरीर स्वतःच विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणून "डॉक्टर, जरा जास्त आवळा, म्हणजे लवकर होईल," या म्हणण्याला अर्थ नाही. खांबाला ट्रॅक्टर लावून ओढलं तर खांबच मोडेल. जास्त जोर दिला की दाताचं मूळ झिजतं.

तोंडात काय काय असतं तेही माहीत असावं, म्हणजे फोनवर डॉक्टरांना नीट सांगता येतं. दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा म्हणजे ब्रॅकेट. त्यातून जाते ती तार. तार ब्रॅकेटमध्ये धरून ठेवते ती रबराची बारीक कडी, तीच पोरं लाल-निळ्या रंगात निवडतात. मागच्या दाढेला काही वेळा धातूची रिंग बसवतात. पूर्वी प्रत्येक दाताला अशी रिंग घालावी लागे. १९५५ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लानं खरखरीत करून त्यावर पदार्थ चिकटवता येतो हे दाखवलं. त्यातूनच पुढं ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले. सुरुवातीला घालतात ती निकेल-टायटॅनियमची तार तर अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या आसपास सापडलेल्या मिश्रधातूची आहे. वाकवली तरी ती आपला मूळ आकार धरायला बघते आणि त्या ओढीनं दात रांगेत येतात.

पहिल्या चार-पाच दिवसांत खायला मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, उपमा, शिरा, केळं, दही, शेवयाची खीर. भाकरीशिवाय जेवण वाटत नसेल तर दुधात किंवा आमटीत कुस्करून घ्यावी. जास्तच दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घ्यावी, मेडिकलवाल्याला विचारून भलतीच नको. गाल आणि ओठ आतून सोलतात, त्याला कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या बऱ्या पडतात. दवाखान्यातून मेणाची डबी मिळते. तिच्यातला वाटाण्याएवढा गोळा मळून, ब्रॅकेट कापसानं कोरडं करून त्यावर दाबायचा. थोडं मेण पोटात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. मेणबत्तीचं मेण मात्र लावू नये. आठ-पंधरा दिवसांत गालाच्या आतली कातडी सरावते आणि मेणाची गरज कमी होते.

ऊस, हुरडा आणि तुटलेले ब्रॅकेट

ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, तिथं पोराला "ऊस खाऊ नको" सांगणं अवघड आहे. पण टिपरू दातानं सोलणं ही तारांची सगळ्यात मोठी दुश्मनी. साल ओढताना सगळा जोर पुढच्या दातांवर येतो आणि ब्रॅकेट चटकन निघतं. खायचाच असेल तर कोयत्यानं सोलून, बारीक गंडेऱ्या करून, मागच्या दाढेनं हळू चोखावा. त्यापेक्षा रस प्यावा आणि बर्फ टाळावा. रस प्यायल्यावर लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरावी, कारण ते गोड पाणी तारेखाली साचून राहतं.

हुरड्याचं थोडं वेगळं आहे. कोवळा, दुधाळ दाणा मऊ असतो, त्यानं काही मोडत नाही. जून झालेले दाणे आणि सोबतचे खारे शेंगदाणे घात करतात. शिवाय हुरड्याची कुसं आणि साल तारेत अशी अडकतात की कणीस संपवून मोरीवर जाईपर्यंत दम निघत नाही.

बाकीची यादी घरच्या घरी करता येईल. फुटाणे, मक्याचं भाजलेलं कणीस, चिक्की, कडक लाडू, बोरं, आवळा, बर्फाचा गोळा आणि मटणाच्या नळ्या. पेरू, सफरचंद, गाजर, काकडी बंद करायची गरज नाही, चिरून बारीक फोडी कराव्यात. पुढच्या दातानं चावा घेऊन तोडायचं नाही, एवढा नियम पाळला तरी निम्म्या कटकटी वाचतात. कणसाचे दाणे सोलून उकडून खाल्ले तर काही होत नाही. भाकरी चालते, पण चुलीवर कडक झालेला काठ आणि दुसऱ्या दिवशीची वाळलेली भाकरी नको. हातानं लहान तुकडे करून, कालवणात भिजवून खावी. चिकट टॉफी आणि च्युइंगम पूर्ण बंद.

खाण्याइतकंच नुकसान सवयी करतात. सुतळी दातानं तोडणं, सुईत ओवायचा दोरा दातानं कापणं, बियाण्याची पिशवी दातानं फाडणं, बाटलीचं झाकण दातानं उघडणं, परीक्षेत पेनाचं टोपण चावणं. हे सगळं शेतकऱ्याच्या घरात रोज होतं आणि लक्षातही येत नाही.

ब्रॅकेट निघालं की बऱ्याच घरात "पुढच्या तारखेला दाखवू" असं ठरतं. तोपर्यंत तो एक दात थांबतो, कधी मागं फिरतो, आणि शेजारचे पुढं जातात. महिना-दीड महिना तिथंच वाया जातो. त्यामुळं त्याच दिवशी फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर उजेडात काढलेला फोटो पाठवला तर लगेच यावं लागेल की थांबता येईल ते डॉक्टर सांगू शकतात. निघालेला तुकडा डबीत ठेवावा, फेविक्विक लावून चिकटवू नये. हे सांगायची वेळ यायला नको, पण येते.

तारेचं टोक गालाला टोचत असेल तर पेन्सिलच्या खोडरबराच्या बाजूनं ते हळूच आत दाबावं किंवा वर मेण लावावं. पक्कड घेऊन कुणी कापायला जाऊ नये. तुटलेला तुकडा गिळला गेला तर बहुधा तो शौचावाटे निघून जातो, तरी डॉक्टरांना कळवावं. खोकला थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल, तर वाट न बघता थेट दवाखाना.

कबड्डी किंवा तालमीत कुस्ती खेळणाऱ्या मुलांनी तसं आधीच सांगावं. तोंडात घालायचं रबरी कवच मिळतं. तारा असताना तोंडावर धक्का बसला तर ओठ आतून फाटतो.

पांढरे डाग : तारा निघाल्यावर दिसणारं नुकसान

ब्रॅकेट मोडलं तर पुन्हा चिकटवता येतं. दातावर पडलेला डाग मात्र बहुधा जन्मभर राहतो. दोन वर्षांनी तारा निघतात, दात ओळीत आलेले असतात, आणि प्रत्येक दातावर जिथं ब्रॅकेट होतं त्याच्या कडेनं खडूनं आखल्यासारखी पांढुरकी चौकट उमटलेली असते. ब्रॅकेटभोवती अन्नाचा थर साचतो, त्यातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कवचातला चुना काढून घेतं. स्वच्छता नसेल तर याची सुरुवात एका महिन्यातही होऊ शकते. पुढं तिथंच कीड लागते.

दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, त्यासोबत बिस्किट, खारी किंवा टोस्ट, दुपारी गूळ-शेंगदाणे. आपल्याकडचं हे साधं खाणं आहे. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला इथं जास्त महत्त्व. जेवणासोबतच गोड खाऊन दात घासले तर चालतं. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहणं वाईट.

घासायचं कसं? आधी नुसत्या पाण्यानं जोरात चूळ भरायची. मग मऊ ब्रश वरून तिरपा धरून तार आणि हिरडी यांच्यामधली जागा, नंतर खालून तिरपा धरून तारेखालची जागा, मग ब्रॅकेटचा समोरचा भाग, शेवटी आतली आणि चावायची बाजू. तारेखाली ब्रश पोचत नाही तिथं बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश मिळतो, तो दोन ब्रॅकेटच्या मध्ये घालून फिरवायचा. रात्री हे सगळं करायला चार-पाच मिनिटं लागतात. एका मिनिटात झालं असेल तर ते झालेलं नाही. आरशात बघावं. ब्रॅकेटच्या कडा स्पष्ट चमकत असतील तर स्वच्छ, अंधुक-पिवळट दिसत असतील तर परत. फ्लोराईड असलेली साधी टूथपेस्ट पुरते. तारांमुळं ब्रशचे केस लवकर फाकतात, फाकला की बदलावा.

शाळेत डबा खाल्ल्यावर ब्रश करायला मुलं लाजतात. निदान नळावर जाऊन तीन-चार वेळा चूळ भरावी. गुरुजींना आधी सांगून ठेवलं तर पाच मिनिटं मिळतात.

हिरडीतून रक्त आलं की घरातले म्हणतात, "ब्रश लागतोय, दोन दिवस राहू दे." नेमकं उलटं करायला हवं. मळ साचून हिरडी सुजली म्हणून रक्त येतं. मऊ ब्रशनं तिथंच नीट घासत राहिलं की आठवडाभरात ते कमी होतं. नाही झालं तर दाखवावं.

मिश्री, राखुंडी, कोळशाची पूड, खरखरीत मंजन हे तारा असताना नकोच. पूड तारेत भरून बसते आणि दाताचं कवच घासते. मिश्रीत तर तंबाखूच असते. तिनं हिरड्या खराब होतात आणि व्यसन लागतं ते वेगळंच. आजीच्या डबीतली मिश्री नातीच्या बोटाला लागते, हे अनेक घरात आजही चालू आहे.

महिना चुकला तर?

पाथर्डी, जामखेड भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तारा मात्र सुट्टी घेत नाहीत. आधीच आवळलेली तार, रबर, स्प्रिंग तोंडात काम करत राहतात आणि कुणी बघणारं नसेल तर दात नको तिकडंही जातात. चार-पाच महिने न दाखवता तारा ठेवणं हे वाकड्या दातांपेक्षा वाईट ठरू शकतं.

यावर उपाय म्हणजे तारा लावण्यापूर्वीच डॉक्टरांना खरं सांगणं. "आम्ही अमुक महिने नसतो," असं सांगितलं तर सुरुवात पुढं ढकलता येते, मुलाला आजी-आजोबांकडं ठेवून तारखा सांभाळता येतात किंवा जाण्याआधी काम चालू नसलेली साधी तार घालून ठेवता येते. दहावी-बारावीच्या परीक्षेचंही तसंच. पैसे संपले आणि उपचार पुढं नेणं जमत नसेल तरी लाजेनं गायब होऊ नये. जाऊन तारा काढून घ्याव्यात.

मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की सहा महिन्यांत दात सरळ करून द्या म्हणणारे पालक येतात. वर सांगितलेला महिन्याला एक मिलिमीटरचा हिशेब लग्नाची तारीख बघून बदलत नाही. खरं तर दात पुढं असण्याचा प्रश्न फक्त दिसण्याचा नाहीच. पुढं आलेले दात गाडीवरून किंवा खेळताना पडल्यावर आधी मोडतात, आणि दाटीवाटीनं उगवलेले दात नीट घासता येत नाहीत म्हणून किडतात. हे मुलग्यांनाही तितकंच लागू आहे.

काही मुलांच्या तोंडात जागाच नसते, तेव्हा डॉक्टर सुळ्यामागचे दात, बहुधा चार, काढायला सांगतात. "वरचा दात काढला की नजर जाते," ही भीती गावोगाव आहे. दाताच्या नसा आणि डोळ्याची नजर यांचा तसा संबंध नाही. ती जागा पुढं तारांनी भरून येते.

काहींना वरच्या-खालच्या दातात अडकवायचे छोटे रबर देतात. हे जेवताना काढून बाकी पूर्ण वेळ, झोपतानाही घालायचे असतात. शाळेपुरते काढले तर उपयोग शून्याजवळ येतो. आणि लवकर व्हावं म्हणून एकावर दोन घालणं हेही चूक.

मोबाईलवर बघून रबर लावू नका

पुढच्या दोन दातांतली फट घरीच रबर लावून बंद करायचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. यासारखं घातक काही नाही. दात मुळाकडं निमुळता होत जातो, त्यामुळं दोन दातांभोवती घातलेलं रबर हळूहळू वर सरकून हिरडीत शिरतं आणि दिसेनासं होतं. आत ते हाड आणि दात धरणारं अस्तर खात राहतं. फट मिटल्याचा आनंद होतो आणि काही आठवड्यांत दोन्ही चांगले दात हलायला लागतात. असे दात काढावे लागल्याची उदाहरणं जगभरच्या दंतवैद्यांनी नोंदवली आहेत.

तारा कुणाकडून लावायच्या? बीडीएस ही दाताच्या डॉक्टरची पदवी, इंटर्नशिप धरून पाच वर्षांची. त्यावर ऑर्थोडॉन्टिक्स विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेले ते या कामाचे तज्ज्ञ. तालुक्याच्या दवाखान्यात असे तज्ज्ञ अनेकदा ठरावीक वारीच येतात. आपल्या मुलाला तेच बघणार का, ते विचारावं. सुरुवातीला पूर्ण जबड्याचा आणि बाजूनं डोक्याचा एक्स-रे, दातांचं माप, आधीची कीड भरणं, दात साफ करणं हे होतं. एक्स-रे न काढता पहिल्याच दिवशी तारा चिकटवत असतील तर उठून यावं. एकूण खर्च किती, हप्ते कसे, ब्रॅकेट निघाल्यास पैसे लागतील का, शेवटचा रिटेनर त्यात धरलाय का, हे कागदावर लिहून घ्यावं.

जिल्ह्यात लोणीचं ग्रामीण दंत महाविद्यालय, नगरजवळ वडगाव गुप्ता इथलं यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय आणि संगमनेरजवळ घुलेवाडीचं एसएमबीटी दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात हा विभाग असतोच. तिथं शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण खासगीशी तुलना करून दर विचारायला हरकत नाही.

वयाचं म्हणाल तर सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून ठेवावं, लगेच तारा लागतात असं नाही. बहुतेकांना अकरा ते चौदा या वयात लावतात. हिरड्या निरोगी असतील तर मोठ्या माणसांनाही लावता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येतं. त्यात दात आणि फाटलेला ओठ-टाळू हेही बघतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

तारा निघाल्या तरी काम बाकी

सरकवलेला खांब माती घट्ट बसेपर्यंत टेकू देऊन ठेवावा लागतो. दातांचा टेकू म्हणजे रिटेनर. तो काढता-घालता येणारा असतो किंवा दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार असते. सुरुवातीचे काही महिने बहुधा दिवस-रात्र, नंतर रात्रीपुरता आणि तोही वर्षानुवर्षं. डॉक्टर सांगतील तसा. आठ-पंधरा दिवस घातला नाही आणि नंतर तो घट्ट बसू लागला, तर दात परत निघाले आहेत असं समजून लगेच दाखवायला जावं.

काढता येणारा रिटेनर सगळ्यात जास्त हरवतो तो लग्नाच्या पंगतीत. जेवताना काढून कागदात गुंडाळून ठेवला जातो आणि पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो. म्हणून डबी खिशात हवीच. तो गरम पाण्यात धुवायचा नाही, वाकतो. गार पाणी आणि मऊ ब्रश पुरे. रात्री उशाशी उघडा ठेवला तर उंदीर किंवा कुत्रं उचलून नेतं, आणि नवा करायला पुन्हा पैसे मोजावे लागतात.